विसातले आठ

ऐरोलीत, सेक्टर तीनच्या कोपऱ्यावर,
टायरच्या दुकानाच्या वर माझा क्लास.
खाली नट आवळायची मशीन घरघरली
की मी वाक्य अर्ध्यात सोडतो,
थांबली की तिथूनच पुढे.
पोरांना सवय झालीये.

आज दोन ठोकळे.
खडबडीत टेबलावर, एकमेकांना खेटून.
अ तीन किलोचा, ब दोन किलोचा.
अ ला मागून वीस न्यूटनने ढकललंय.
घर्षणाचा गुणांक पॉइंट दोन, जी दहा धरा.
सांगा, अ हा ब ला किती बलाने ढकलतो?

बावीसपैकी एकोणीस जणांनी
ब वरसुद्धा विसाचा बाण काढला.
दर वर्षी काढतात.

मृणाल मढवीने काढला नव्हता.
दिवे गावातून चालत येते ती,
वहीला वर्तमानपत्राचं कव्हर.
डब्याने कंपासपेटी हळूहळू ढकलत म्हणाली,
"सर, मागून कोण ढकलतंय
हे ब ला कळतं का?"

नाही, म्हटलं. ब ला फक्त शेजारी कळतो.
जो टेकलाय तो, आणि पायाखालचं टेबल.
म्हणून तर एकेकाला सुटं करायचं,
कोऱ्या कागदावर एकट्याला ठेवायचं
आणि विचारायचं, तुला कोण कोण शिवतंय?
जो शिवत नाही
त्याचा बाण

मशीन घरघरली.

रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी अकरावीत.
बाबा सकाळी साडेसातला बूट घालून
गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे.
कंपनीची बस यायची नाही.
दहाला बूट काढायचे.
माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं, भांडण न होता.
आईला म्हणायचे, त्याला सांग.
त्याला सांग, पैसे झाडाला लागत नाहीत.
त्याला सांग, शिकून मी काय दिवे लावले ते बघ म्हणावं.
हे मला फार उशिरा कळलं, मावशीकडून.
तेव्हा मी अभ्यासाला जिन्यात बसायचो,
दुसऱ्या मजल्याच्या बल्बखाली.

आई जिन्यात यायची. ओले हात पदराला पुसत.
"या महिन्याची फी
आठ दिवस उशिरा दिली तर चालेल का रे?"
एवढंच.

काढायचा नाही, मी वाक्य पुरं केलं.

मग गणित फळ्यावर.
दोघांचं मिळून घर्षण दहा.
उरले दहा, वस्तुमान पाच, त्वरण दोन.
आता ब एकटा:
त्याला पळवायला चार, त्याचं घर्षण चार.
आठ.

"मग बाकीचे बारा?" मृणालच.
सहा अ च्या पायाखाली घासले गेले, मी म्हणालो.
सहा अ ला स्वतःला पळवण्यात.
"म्हणजे अ ने जिरवले."
पुस्तकात असा शब्द नाही,
पण मी तो खोडायला सांगितला नाही.

तीन किलोची आई.
मी तिला कधी सुटं करून कागदावर ठेवलंच नाही.
आणि तिसरा नियम तर दर वर्षी मीच शिकवतो:
ब सुद्धा अ ला मागे तेवढ्याच बलाने ढकलतो.
जिन्यात मी तिच्यावर खेकसायचो,
फी, फी, दुसरं काही सुचतच नाही का तुला?
ती पुढून आठ घेऊन परत वर जायची,
जिथे वीस होते.

बाबांना मागून कोण ढकलत होतं
ते काढायला फळा पुरला नसता.
आणि बाबांनाही ते दिसलं नसणार.
त्यांनाही फक्त शेजारी कळत होता.

पोरं वह्या गोळा करतायत.
खाली कुणाचं तरी चाक निघत नाहीये,
दोघं जण पान्यावर उभे राहून नाचतायत,
नट आपला जागच्या जागी,
जेवढा जोर तेवढाच नकार.
मृणालच्या वहीत उत्तर बरोबर.
आठ, खाली दोन रेघा.
एकक लिहायला विसरली.
अर्धा मार्क कापला मी,
सवयीने.

घरी आई जागी असेल.
गुडघे गेलेत तिचे.
परवाच डॉक्टर म्हणाले, घर्षणाने झिजलेत.